वस्तूंना नावे, नावांना शिस्त : महाराजा सयाजीराव गायकवाड

आपल्या ग्रंथालयाने शंभर वर्षे पूर्ण केली. अशा मंगल प्रसंगी कोणाचे स्मरण करावे, हा प्रश्न गुजरातेतील मराठी वाचकाला फारसा पडत नाही. सुरत शहर गायकवाडांच्या राज्यात नव्हते; ते इंग्रजांच्या मुलखात होते. परंतु शहराची वेस ओलांडून पूर्वेस गेले की गायकवाडांची पहिली गादी जेथे स्थिरावली तो सोनगड लागतो, आणि दक्षिणेस गेले की पूर्वीच्या बडोदे राज्याचा नवसारी प्रांत लागतो. नवसारीचे श्री सयाजी वैभव सार्वजनिक पुस्तकालय १८९८ सालापासून महाराजांचे नाव धारण करून उभे आहे. सुरतेच्या तापीकाठी राहणाऱ्या आपल्या वाडवडिलांनी ग्रंथालयाची कल्पना जेव्हा मनात आणली, तेव्हा तिच्यासमोर उदाहरण म्हणून बडोदेच होते.

सयाजीरावांच्या सक्तीच्या शिक्षणाविषयी, अस्पृश्योद्धाराविषयी, विद्वानांना दिलेल्या आश्रयाविषयी आजवर विपुल लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या कार्याचे एक दुर्लक्षित अंग पाहावयाचे आहे. ते म्हणजे नामव्यवस्था. राज्यातील ग्रंथ, चित्रे, मूर्ती, मंदिरे, कापडचोपड आणि कारागिरीच्या वस्तू जमविणे वेगळे, आणि त्या पुन्हा सापडतील अशा रीतीने त्यांची नोंद करणे वेगळे. ज्या वस्तूला निश्चित नाव नाही ती कपाटात असूनही हरवल्यासारखीच असते. ही गोष्ट ह्या राजाला फार लवकर उमगली होती, असे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

सयाजीरावांचा जन्म मार्च १८६३ मध्ये नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, कवळाणे ह्या लहानशा गावी झाला. मूळचे नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील शेतकरी. मल्हारराव पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी २७ मे १८७५ रोजी ह्या बारा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. एफ. ए. एच. इलियट ह्यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू झाले आणि मराठी, गुजराती, इंग्रजी व उर्दू अशा चार भाषांचा अभ्यास एकाच वेळी त्याच्या पुढ्यात आला. सामान्य मूल भाषा नकळत आत्मसात करते. गोपाळरावांनी मात्र प्रत्येक शब्द जाणतेपणी, कष्टाने मिळविला. शेतातल्या, गोठ्यातल्या ज्या वस्तू हाताने ओळखत होते, त्यांना निरनिराळ्या भाषांत निरनिराळी नावे आहेत हे त्यांना बाराव्या वर्षी कळले. शब्दांविषयीची त्यांची पुढील आयुष्यातील दक्षता येथेच रुजली असावी, असे मानावयास जागा आहे.

२८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याची पूर्ण सूत्रे त्यांच्या हाती आली. हे राज्य भाषेच्या दृष्टीने मोठे चमत्कारिक होते. राजघराणे मराठी, जुने दफ्तर मोडीत, प्रजा बहुतांशी गुजराती, रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार इंग्रजीत, आणि महसूल व न्याय ह्या खात्यांतील निम्मे शब्द फारसी वळणाचे. एकाच करास, एकाच हुद्द्यास, एकाच जमिनीच्या प्रकारास प्रांताप्रांतांत वेगळे नाव असे. पन्नास वर्षे ह्या गोंधळाचा अनुभव घेतल्यावर १९३१ साली ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कोश सिद्ध झाला. त्यात राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. स्वतंत्र भारतात परिभाषा निर्माण करण्याचे जे प्रयत्न पुढे झाले, त्यांचा हा पूर्वज होय. मात्र ह्या कोशापर्यंत पोहोचण्याआधी महाराजांचे लक्ष कलाकौशल्याच्या शब्दांकडे वळले होते, आणि त्या कामी त्यांना साथ मिळाली ती आपल्या सुरतेच्या एका सुपुत्राची.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्यांचे नाव. जन्म १८६३, म्हणजे महाराज आणि ते एकाच वर्षीचे. घराणे सुतारांचे. मुंबईस रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन ते बडोदे कॉलेजात अध्यापक झाले. कारागिराच्या घरात वाढलेल्या ह्या प्राध्यापकास एक गोष्ट दिसत होती. सुताराजवळ, रंगाऱ्याजवळ, विणकराजवळ शब्दांची उणीव मुळीच नव्हती. उणीव होती ती ते शब्द ग्रंथात येण्याची. इंग्रजी पुस्तक कारागिराला कळत नव्हते आणि कारागिराचा शब्द शिकलेल्याला कळत नव्हता. १८९० साली बडोद्यास कलाभवन उघडले आणि गज्जर त्याचे पहिले प्रमुख झाले. तेथे शिक्षणाचे माध्यम लोकभाषा ठेवण्यात आले. कारागिरीच्या व शास्त्राच्या संज्ञांचा बहुभाषी कोश करण्याचा संकल्प गज्जरांनी सोडला आणि महाराजांनी अशा ग्रंथनिर्मितीस द्रव्यसाहाय्य दिले. चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके ह्याच कलाभवनात काही काळ शिकले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. १८९६ मध्ये गज्जर बडोदे सोडून मुंबईस गेले. तेथे विल्सन कॉलेजात व स्वतःच्या प्रयोगशाळेत त्यांनी मोठे नाव मिळविले आणि १९२० साली ते निवर्तले. बडोद्यातील त्यांच्या संकल्पास मात्र पुढे तसा वाली राहिला नाही.

कलाभवनाच्या पाठोपाठ १८९४ साली बडोद्याच्या सार्वजनिक उद्यानात संग्रहालयाची इमारत उभी राहिली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचा आदर्श तिच्यापुढे होता. म्हणजे कलेबरोबर कारागिरी आणि उद्योग ह्यांनाही तेथे मानाचे स्थान होते. शेजारी चित्रशाळा बांधण्याचे काम १९०८ मध्ये सुरू होऊन १९१४ मध्ये पूर्ण झाले. तिच्यासाठी युरोपीय चित्रे निवडण्याचे काम महाराजांनी मॅरियन स्पीलमन ह्या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपविले. पहिल्या महायुद्धामुळे ती चित्रे युरोपातच अडकून पडली आणि चित्रशाळा लोकांसाठी १९२१ मध्ये खुली झाली.

येथे नामव्यवस्थेचा प्रश्न स्पष्ट होतो. युरोपातून आलेले चित्र आपल्याबरोबर आपली नावेही घेऊन येई. चित्रकार, त्याचा संप्रदाय, काळ, माध्यम, आकार ह्या सर्वांचे शब्द तिकडे ठरलेले असत. आपल्याकडील वस्तू मात्र मुकी येई. पाटणचा पटोळा हे उदाहरण घ्या. पाटण बडोदे राज्यातलेच. पटोळ्यात ताणा आणि बाणा ह्या दोन्हींचे सूत विणण्याआधीच बांधून रंगवितात. नंतर विणताना नक्षी जुळवून घेतात. बांधणीत विणून तयार झालेले कापड चिमटीने बांधून रंगवितात. नोंदवहीत दोहोंपुढे ‘बांधून रंगविलेले कापड’ एवढेच लिहिले, तर दोन सर्वस्वी भिन्न कला एका रकान्यात पडतात आणि पटोळ्याचा शोध घेणारा अभ्यासक बांधण्यांच्या ढिगात हरवतो.

आपल्या सुरतेच्या सादेली कामाची कथा ह्याहून बोलकी आहे. हस्तिदंत, शिंग, धातू व रंगीत लाकूड ह्यांच्या बारीक काड्या एकत्र चिकटवून त्यांची जुडी करायची, तिचे आडवे पातळ काप काढायचे आणि ते पेटीवर बसवायचे, अशी ही कारागिरी. ह्या पेट्या परदेशी गेल्या त्या मुंबई बंदरातून. म्हणून त्यांचे नाव तिकडे ‘बॉम्बे बॉक्स’ पडले. ज्या शहराच्या हाताने त्या घडल्या ते शहर नावातून पुसले गेले. बंदराच्या नावाखाली शोधणाऱ्यास पेटी सापडते, सुरतेच्या नावाखाली शोधणाऱ्यास सापडत नाही. हीच गोष्ट जरीची. येवल्याच्या पैठणीत सुरतेची जर विणली जाते. पण पैठणी नोंदविताना जर कोठली ह्यासाठी रकानाच नसेल, तर दोन गावांचा तो जुना व्यवहार इतिहासातून गळून पडतो. चुकीच्या नावाने वस्तूचे मोल कमी होत नाही, परंतु करणाऱ्याचे श्रेय निश्चित जाते.

ह्यावरचा उपाय ग्रंथालयशास्त्राने दाखविला आहे. एका वस्तूसाठी अनेक शब्द प्रचारात असतील तर त्यांतील एक मुख्य मानावा. बाकीचे टाकून न देता मुख्य शब्दाकडे बोट दाखविणारे म्हणून तालिकेत ठेवावेत. एकाच शब्दाचे अनेक अर्थ असतील तर ते वेगळे करून लिहावेत. आणि प्रत्येक शब्द कोणत्या मोठ्या वर्गात मोडतो, त्याच्या पोटात कोणते लहान वर्ग येतात, हे सांगावे. अशा शिस्तीत बसविलेल्या शब्दांच्या भांडारास हल्ली नियंत्रित शब्दसंग्रह म्हणतात. आपल्या ग्रंथालयातील तालिकापत्रावर ‘अमुक पाहा’ अशी जी सूचना असते, ती ह्याच व्यवस्थेचा एक लहानसा अंश होय.

सयाजीरावांनी ही शिस्त राज्यात आणली ती ग्रंथांच्या वाटेने. १९०६ साली ते अमेरिकेस गेले. त्याच वर्षी त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण अमरेलीच्या प्रयोगानंतर सर्व राज्यास लागू केले होते. लिहावाचावयास शिकलेल्या प्रजेस वाचावयास पुस्तक मिळाले नाही, तर शिक्षण विसरले जाईल, ही चिंता त्यांच्या मनात होती. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था पाहून त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन ह्या अनुभवी ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले. महाराजांनी राजवाड्यातील आपला खासगी ग्रंथसंग्रह दिला, त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय आकारास आले. बॉर्डनने ड्यूईची दशांश पद्धती आणि कटरची वर्गीकरणपद्धती ह्यांचा मेळ घालून बडोद्यासाठी स्वतंत्र पद्धती बसविली, आणि १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग सुरू केला. तो हिंदुस्थानातील अशा स्वरूपाचा पहिला वर्ग मानला जातो. १९१२ पासून ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तिन्ही भाषांत निघू लागले. १९१३ मध्ये बॉर्डन परतले. त्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर आणि पुढे न्यूटन मोहन दत्त ह्यांनी ही चळवळ चालविली. गावोगावी वाचनालये आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये गेली.

ह्या पद्धतीचे मर्म असे की, तिने वाचकास ग्रंथपालाच्या स्मरणशक्तीपासून मुक्त केले. जुन्या संग्रहात कोणते पुस्तक कोठे आहे हे एखाद्या वृद्ध कारकुनास ठाऊक असे. तो गेला की संग्रह आंधळा होई. वर्गांक आणि विषयशीर्षक ठरले की राजवाड्यातील ग्रंथ खेड्यातल्या शिक्षकालाही मागता येतो. नावांची शिस्त ही केवळ विद्वानांची हौस नसून ज्ञान सर्वांसाठी खुले करण्याचे साधन आहे, हे बडोद्याने दाखवून दिले.

वास्तुकलेच्या क्षेत्रात हे काम दोन टोकांकडून झाले. एकीकडे जेम्स बर्जेस व हेन्री कझन्स ह्यांनी राज्यातील वास्तूंची पाहणी केली. डभोईविषयीचा त्यांचा ग्रंथ १८८८ मध्ये, आणि मुख्यत्वे बडोदे राज्यातील स्थळांचा परामर्श घेणारा उत्तर गुजरातच्या वास्तूंवरील ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिराची जगती, मंडप, तोरण ही अंगे मोजून, रेखाटून नोंदविण्याची परंपरा ह्यातून दृढ झाली. दुसरीकडे संस्कृत शिल्पग्रंथांचे प्रकाशन सुरू झाले. १९१५ मध्ये आरंभलेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत भोजाचा ‘समरांगणसूत्रधार’ टी. गणपतिशास्त्री ह्यांनी संपादित करून १९२४ व १९२५ मध्ये दोन भागांत निघाला; सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’चे संपादन गो. के. श्रीगोंदेकर ह्यांनी केले. वास्तूचे अंग डोळ्यांनी पाहणारे आणि त्याचे नाव पोथीत वाचणारे असे दोन वर्ग तोवर वेगळे होते. बडोद्याने दोघांना एका छपराखाली आणले.

आपल्या परंपरेतही नावांची शिस्त होती, हे ह्या ग्रंथमालेमुळेच सर्वांपुढे आले. महाराजांच्या पश्चात, १९५० साली, तिच्यात ‘अपराजितपृच्छा’ प्रसिद्ध झाली. तीत पायऱ्यांच्या विहिरीचे चार प्रकार सांगितले आहेत. एका प्रवेशाची व तीन कूटांची ती नंदा. दोन प्रवेशांची व सहा कूटांची भद्रा. तीन प्रवेशांची व नऊ कूटांची जया. चार प्रवेशांची व बारा कूटांची विजया. अडालजच्या प्रसिद्ध विहिरीस तीन प्रवेश आहेत, म्हणून ती जया ठरते. आता हीच वास्तू गुजरातीत वाव, मराठीत बारव, हिंदीत बावडी आणि संस्कृतात वापी. त्यातून मराठी वाचकास ‘वाव’ म्हटले की जागा किंवा सवड एवढाच अर्थ प्रथम आठवतो! बारव, वाव, बावडी ही तीन शीर्षके एकमेकांस न जोडता तीन ठिकाणी ठेवली, तर पाटणची राणीची वाव आणि महाराष्ट्रातील बारवा ह्यांचा तौलनिक अभ्यास जन्मासच येणार नाही. जोडून ठेवली, तर दोन प्रांतांचे स्थापत्य एकमेकांशी बोलू लागते.

संगीताच्या बाबतीतही असाच यत्न झाला. १९१६ साली बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित विष्णु नारायण भातखंडे तिचे प्राण होते. रागांची नावे व स्वरूपे, स्वरलेखनाच्या पद्धती ह्यांत एकवाक्यता यावी, हा तिच्या चर्चेचा एक विषय होता. सर्वांचे एकमत होणे कठीणच होते. परंतु घराण्याघराण्यांत कोंडलेले ज्ञान सर्वांना समजेल अशा शब्दांत आणावे, ही दृष्टी ग्रंथालयाची व संग्रहालयाची होती तीच होती.

महाराजांचे हे कार्य उणिवांपासून मुक्त नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. शब्द कल्पतरू हा राज्यकारभाराचा कोश होता. कलाकौशल्याचा तितकाच सर्वमान्य कोश त्यांच्या हयातीत झाला नाही. परिभाषा विद्वानांच्या बैठकीत ठरे, आणि विद्वानाचा कल संस्कृताकडे. त्यामुळे दरबारी शब्दाला जे आसन मिळाले ते सुताराच्या, विणकराच्या, जरीकामवाल्याच्या शब्दाला मिळाले नाही. गज्जरांनी ज्या शब्दांसाठी संकल्प सोडला ते शब्द कारखान्यांतच राहिले, आणि जसजसे हातकाम मागे पडले तसतसे त्यांतील कित्येक वृद्ध कारागिरांबरोबर गेले. वस्तू संग्रहालयात जपता येते; तिचे मूळ नाव बोलणारा माणूस गेला की ते परत आणता येत नाही. ह्या कथेतील खरी हानी हीच होय.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस सयाजीरावांचे देहावसान झाले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राज्य गेले, तरी संग्रहालय, मध्यवर्ती ग्रंथालय आणि प्राच्यविद्या मंदिर ह्या संस्था राहिल्या. राजाने उभारलेली संस्था राजावाचून चालावी, ही त्यांच्या व्यवस्थेची खरी कसोटी होती, आणि तीत ती उतरली.

त्यानंतर जगानेही हाच मार्ग धरला. अमेरिकेतील गेटी न्यासाने कला व वास्तुकला ह्यांच्या संज्ञांचा एक मोठा पर्यायकोश तयार करविला. तो १९९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि आता संगणकावर सर्वांस खुला आहे. त्यात प्रत्येक संकल्पनेस एक क्रमांक, एक मुख्य संज्ञा, तिचे पर्याय, तिच्यावरचा व्यापक वर्ग आणि तिच्याखालचे लहान वर्ग दिलेले असतात. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांतील वस्तूंच्या नोंदीसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली सिद्ध केली आहे. यंत्र वेगाने शोधते. परंतु त्याला दिलेला शब्दच अपुरा असेल तर ते वेगाने चुकते. सादेली हा शब्द नोंदीत नसेल, तर कितीही सामर्थ्यवान यंत्राला सुरतेची पेटी सुरतेची म्हणून सापडणार नाही.

म्हणून शताब्दीच्या ह्या टप्प्यावर सयाजीरावांचे स्मरण केवळ कृतज्ञतेपुरते राहू नये. सुरतेचे मराठी ग्रंथालय दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे आहे. येथील सभासदांच्या घरी मराठी बोलली जाते आणि बाजारात गुजराती. वाव आणि बारव, जर आणि कसब, ही दोन्ही नावे त्यांच्या कानावरची आहेत. जरीकामाचे, लाकूडकामाचे, जुन्या वाड्यांच्या अंगोपांगांचे शब्द अजून जाणणारी माणसे शहरात आहेत. त्यांच्याकडून ते शब्द ऐकून, दोन्ही भाषांतील रूपे शेजारी लिहून, एका साध्या नोंदवहीत जमा केले, तर ते काम लहान असणार नाही. कवळाण्याच्या ज्या मुलाने बाराव्या वर्षी पहिले अक्षर गिरविले आणि पुढे आठ भाषांचा कोश सिद्ध करविला, त्याने अपुरा ठेवलेला रकाना आपण भरला, असे तेव्हा म्हणता येईल.